आकाश आत, सूर्य बाहेर

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एप्रिलमधल्या एका दुपारी, मैदागिनच्या पुढच्या एका लाकडाच्या वखारीत. ते बंद मोटारीत मागच्या सीटवर मांडी घालून बसले होते. समोर स्टीलची वाटी होती, वाटीत तूप होतं आणि ते तुपाकडे टक लावून पाहत होते. इंजीन बंद, काचा बंद, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मी काचेवर टकटक केली तर त्यांनी एक बोट वर केलं, म्हणजे थांब. मी थांबले. थोड्या वेळानं दार उघडून ते बाहेर आले, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "अकरा मिनिटं. कालचं वर्तमानपत्र लावून एकोणीस. काही विशेष फरक नाही."

मला बनारसला येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. बँकेनं सोलापूरहून उचलून इथं टाकलेलं, आणि मराठी घर हवं म्हणून कुणीतरी बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतली ही वरच्या मजल्याची खोली सुचवलेली. घरमालकीण काकूंनीच मला वखारीत पिटाळलं होतं. "बघून ये ग जरा. यांना जाऊन दोन घंटे झाले. वाटी पण घेऊन गेले माझी."

मोटार वखारीत असायची, कारण आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुणाच्या तरी दारात शिरावं लागतं, आणि बैल आला तर दोघांना. तेव्हा मोटारीत बसायचं असेल तर आधी वीस मिनिटं मोटारीकडे चालत जायचं. काकांना यात काही विनोदी वाटत नसे. त्यांना कशातच काही विनोदी वाटत नसे.

काका एका संस्कृत पाठशाळेत ज्योतिष शिकवून निवृत्त झाले होते. ज्योतिष म्हणजे गणिताचं, फळाचं नव्हे. हे ते पहिल्या भेटीतच सांगून टाकत, म्हणजे पुढे कुणी पत्रिका काढायला नको. मी एकदा गमतीनं विचारलं, "काका, माझी बदली कधी होईल?" ते म्हणाले, "उद्या सूर्य पाच वाजून सव्वीस मिनिटांनी उगवेल. एवढं मला माहीत आहे. बाकी तुझ्या साहेबांना विचार."

सूर्याबद्दल मात्र त्यांना सगळं माहीत होतं. रोज सकाळी घाटावर उतरून त्याला अर्घ्य देत आणि परत येऊन भिंतीवरच्या कागदावर एक आकडा लिहीत. कसला आकडा ते मी विचारलं नाही. विचारलं की ते सांगत, ही त्यांच्यातली मोठी अडचण होती. "काशीत सूर्य डोक्यावर येत नाही" हे त्यांचं आवडतं वाक्य. कर्कवृत्त इथून बरंच दक्षिणेला राहिलं, त्यामुळे भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्याच्या थोडा दक्षिणेलाच असतो, बरोबर माथ्यावर कधीच नाही. हे त्यांनी लग्नात सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, आणि एकदा भाजीवाली नुसतं "गुरुजी, सूरज माथे पर चढ़ गया, अब घर जाइए" म्हणाली तर तिलाही टोपलीशी उभं राहून सांगितलं. "नहीं चढ़ा. यहाँ कभी नहीं चढ़ता." त्या दिवसापासून तिनं त्यांना वरची कोथिंबीर देणं बंद केलं.

काकू या सगळ्याला सरावलेल्या होत्या. मंगलागौरीच्या देवळात सूर्यानं तप केलं आणि त्या तपानं जग पोळून निघालं अशी कथा आहे. काका ती फार रंगवून सांगत. काकू आतून म्हणत, "तप करायला त्याला दुसरी जागा नाही मिळाली. आमच्याच मोहल्ल्यात आला."

आता तुपाकडे येते. काकूंना काचबिंदू होता. एक डोळा गेलेलाच, दुसऱ्यातून नळीतून पाहावं तसं मधलंच तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की थेंब घालत राहा, पण हा डोळाही फार दिवस साथ देणार नाही. त्यात उजेड सोसत नसे. डोळ्यावर झगझगीत ऊन आलं की डोकं असं उठायचं की तीन दिवस खोली काळोखी करून पडून राहावं लागे.

आणि या बाईंना आकाश बघायचं होतं. चाळीस वर्षं त्या गल्लीत संसार केला, तिथं मान वर केली तर दोन गच्च्यांमध्ये पट्टीएवढं आकाश दिसतं. गच्चीवर जावं तर माकडांच्या भीतीनं तिला लोखंडी जाळी ठोकलेली. घाटावर आकाश भरपूर, पण पायऱ्या उतरायला गुडघे नाहीत. डॉक्टरांकडे न्यायला मोटार हवी म्हणून दोघं दुकानात गेले, काका छोटीशी पाहत होते, काकू सहज एकीत जाऊन बसल्या. तिच्या टपाला सगळी काच होती. काकूंनी वर पाहिलं आणि पाठ मागे टेकली. मग म्हणाल्या, "हीच घ्या."

काकांनी घेतली. सहासष्टाव्या वर्षी चालवायलाही शिकले. मार्च संपला, उन्हं तापली आणि लक्षात आलं की काचेतून आकाशाबरोबर सूर्यही आत येतो. ज्योतिषाच्या माणसाच्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं, असं मी एकदा बोलून गेले. ते म्हणाले, "बरोबर आहे." त्यांच्याशी भांडण करता यायचं नाही.

काचेखाली ओढायचा पडदा मोटारीबरोबर आलेला होता. तो ओढला की आकाश संपलं, आणि तो इतका पातळ की ऊन तरीही तापायचंच. काळा चष्मा आणला. काकू म्हणाल्या, "हा लावला की आकाश पण काळं आणि तुम्ही पण काळे. मग चष्मा कशाला, पट्टीच बांधा ना." मी म्हटलं, "काकू, ऊन आलं की तेवढे डोळे मिटून घ्यायचे." त्या शांतपणे म्हणाल्या, "डोळे मिटायला पुढे खूप वेळ आहे ग." काका उठून वखारीकडे गेले.

तर प्रश्न एवढाच होता. आकाश आत यावं, सूर्य येऊ नये. काकांनी तो पाठशाळेत शिकवत तसा सोडवायला घेतला. उष्णता मोजायला फ्रिजमधलं घट्ट तूप, कारण ते घरात होतं. झगझगाट मोजायला मी, कारण मीही घरात होते. प्रत्येक सुट्टीला मी पुढच्या डाव्या सीटवर, पाठ मागे पाडून, वर तोंड करून पडायची आणि काका बाहेरून विचारायचे, "दिपलं?" मी "दिपलं" म्हटलं की वहीत फुली. वितळलेलं तूप वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून त्या दिवशीच्या वरणभातावर पडायचं. त्या उन्हाळाभर मी प्रयोगाचं तूप खाल्लं, आणि वजन वाढलं ते माझं.

दुकानदारानं काळ्या फिल्मचे तुकडे दाखवले. काकूंनी त्यातून पाहून विचारलं, "पाऊस आला का?" फिल्म परत. मग टपावर खसाची, म्हणजे वाळ्याची, ओली ताटी बांधली. गारवा उत्तम, वासही छान, पण पाणी समोरच्या काचेवर ओघळायचं आणि ताटीखालून आकाश दिसायचा प्रश्नच नव्हता. चौकातल्या हवालदारानं थांबवून विचारलं, "गुरुजी, गाड़ी में कूलर लगवाए हैं?" काका म्हणाले, "प्रयोग है." त्यानं सोडून दिलं. बनारसमध्ये या उत्तरावर पुष्कळ काही सोडून देतात.

शेवटी त्यांनी काचेवर बाहेरून शेण आणि पिवळ्या मातीचा लेप दिला. तूप तासभर वितळलं नाही. काका हरखले, म्हणजे त्यांनी वहीत दोन रेघा ओढल्या. काकूंना मुद्दाम वखारीपर्यंत चालवत आणून आत बसवलं. त्यांनी वर पाहिलं. "चूल छान सारवलीत," म्हणाल्या. आणि मग हळूच, "पण मला दिसत नाही हो काही." संध्याकाळी आम्ही दोघांनी लेप धुऊन काढला.

खरा शोध लागला तो डॉक्टरांकडे जाताना. दवाखाना गावाच्या दक्षिण टोकाला. सकाळी निघायचं तर मोटारीचं तोंड दक्षिणेला, सूर्य पूर्वेला, म्हणजे डाव्या हाताला. दुपारनंतर परतताना तोंड उत्तरेला, पण तोवर सूर्य पश्चिमेला गेलेला, म्हणजे पुन्हा डाव्या हाताला. जाताना डावीकडे, येतानाही डावीकडे. काकांनी हे मला जिन्यात थांबवून दोनदा सांगितलं. वखारीतल्या मिस्त्रीकडून त्यांनी एक चौकट करून घेतली, तिच्यात लाकडाच्या तिरक्या पट्ट्या. डावीकडचं ऊन पट्टीवर अडायचं, उजवीकडचं आकाश फटींतून दिसायचं. पडदा काढून टाकला आणि चौकट काचेखाली चार स्क्रूंनी पक्की केली. मी खाली पडून पाहिलं. निळं निळं आकाश, कापून ठेवल्यासारखं, आणि सूर्य नाही. "दिपलं?" "नाही, काका." त्यांनी वही मिटली.

यात अट एकच. सकाळी दक्षिणेला जायचं आणि मध्यान्ह उलटल्याशिवाय उत्तरेला वळायचं नाही. डॉक्टरांनी दहाला मोकळं केलं तरी काका दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसून राहत. काकू डबा उघडत. "चला ना हो, भूक लागली" म्हणून उपयोग नसे, कारण डबा त्यासाठीच आणलेला. बरोबर वेळ झाली की काका उठत, धोतर झटकत आणि म्हणत, "उतरला. चला."

दोन खेपा सुरेख झाल्या. तिसरीला, महिन्यातल्या सुट्टीच्या शनिवारी, मी मागच्या सीटवर होते, काकू पुढे पाठ मागे पाडून. निम्म्या वाटेवर गेलो तर पुढे रस्ता बंद. कुणीतरी बडी असामी गावात येणार होती आणि पोलीस सगळ्यांना उलटं फिरवत होते. सकाळचे साडेनऊ. काकांनी काच खाली केली आणि शिपायाला म्हणाले, "भैया, हम दोपहर से पहले उत्तर नहीं जा सकते."

"क्यों, मुहूर्त नहीं है?"

"सूर्य है."

शिपायानं काठी बोनेटवर ठोकली. मोटार वळली. वळताक्षणी पट्ट्यांच्या सगळ्या फटी सूर्याकडे उघड्या झाल्या आणि ऊन पट्टे पट्टे होऊन काकूंच्या तोंडावर पडलं. पुढे गाड्या, मागे गाड्या. जागचं हलता येईना. सीट सरळ केली तरी ऊन तिथंही. काकूंनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले, "काही नाही, काही नाही" म्हणत राहिल्या आणि मग त्यांना उलटी झाली. काकांनी चौकट काढायला पाहिलं, पण पेचकस वखारीत. नाण्यानं स्क्रू हलेना. तेव्हा ते खाली उतरले, भर रस्त्यात धोतर सोडलं, त्याच्या चार घड्या केल्या, टपावर पसरलं, टोकं दोन्हीकडच्या दारांत चेमटून दारं लावली आणि येऊन पुन्हा चाकामागे बसले. सदरा, खांद्यावर पंचा आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. आजूबाजूच्या मोटारसायकलवाल्यांनी फोन काढले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

वखारीत पोचल्यावर मला वाटलं, आता धोतर नेसतील. त्यांनी ते काकूंच्या डोक्याभोवती आणि डोळ्यांवरून गुंडाळलं, त्यांचा हात धरला आणि तसेच चड्डीवर वीस मिनिटं गल्ल्यांमधून चालत घरी आणलं. वाटेत लोक नेहमीसारखे "गुरुजी, प्रणाम" म्हणत होते आणि काका नेहमीसारखे "आयुष्मान भव" म्हणत होते. मी मागून पिशवी घेऊन चालले होते. मला हसूही येत होतं आणि आयुष्यात आपल्यासाठी कुणी असं चड्डीवर चालेल का, हेही मनात येत होतं.

काकू तीन दिवस काळोखात पडून होत्या. त्या तीन दिवसांत काका सकाळी घाटावर उतरले, स्नान केलं, पण अर्घ्य दिलं नाही. पाठ करून उभे राहिले म्हणे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बोलणं बंद आहे." चौथ्या दिवशी काकूच आतून म्हणाल्या, "पाणी देऊन या हो जाऊन. त्याची काय गलती."

"त्याची नाहीच," काका म्हणाले. "माझी आहे. मी मोटारीचं गणित घरासारखं मांडलं. घर वळत नाही." आणि तांब्या घेऊन ते खाली गेले. त्यांनी आपणहून चूक कबूल केलेली मी तेवढीच एकदा ऐकली.

नंतर स्क्रू गेले आणि त्यांच्या जागी चौकट अडकवायचे लोखंडी आकडे आले. मोटार वळली की काका पुढून म्हणत, "फिरव," आणि मी मागून चौकट आकड्यांवरून काढून उलटी बसवायची. मोठ्या वळणांना दोन सेकंदांत व्हायची. बँकेत मला याहून जबाबदारीचं काम कुणी दिलेलं नव्हतं. तो सगळा हिवाळा सुट्टीच्या शनिवारी आम्ही असे फिरलो, डॉक्टरांकडे आणि डॉक्टरांचं निमित्त नसतानाही. काकू पाठ टेकून वर पाहत आणि दिसेल ते मोठ्यानं सांगत. "घार. लाल पतंग. तार. तार. बादल आहे छोटासा. तार. हवाईजहाज." काका रस्त्यावरची नजर न काढता म्हणत, "हं." प्रत्येक शब्दाला एक हं. इतकी सुखाची माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

आधी विजेच्या तारा दिसेनाशा झाल्या. मग घारी गेल्या. संक्रांतीला सगळं बनारस पतंगांनी भरलेलं, आणि काकू म्हणाल्या, "आज कुणी उडवत नाही वाटतं." काकांनी मोटारीच्या काचेतून वर पाहिलं. पन्नास तरी पतंग असतील. ते म्हणाले, "हवा पडली आहे." मला त्यांचा राग आला आणि लगेच गेला. होळीनंतर काकू नुसतं "निळं" किंवा "सफेद" एवढंच सांगत, आणि एका शनिवारी काहीच बोलल्या नाहीत. काकांनी तरी दोनदा "हं" म्हटलं.

मे महिन्यात माझी नाशिकला बदली झाली. स्टेशनवर सोडायला दोघंही आली. ट्रेन दुपारची होती, पण आम्ही दहालाच निघालो; सामान फार नव्हतं. वखारीत मी सवयीनं चौकट बसवायला गेले तर काकू म्हणाल्या, "राहू दे ती."

"ऊन लागेल," काका म्हणाले.

"लागू दे. लागलं तर पता चालेल ना, कुठं आहे ते." मग म्हणाल्या, "आता डोकं नाही दुखायचं. दुखायला उजाला दिसावा लागतो."

काकांनी माझ्या हातातून चौकट घेतली. मग ती त्यांनी मिस्त्रीच्या लाकडांवर नेऊन ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा मोटारीच्या काचेखाली काही नव्हतं. आत सगळीकडे ऊनच ऊन झालं. काकूंनी दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले.

"गुडघ्यांवर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मागून येतोय."

"हं," काका म्हणाले. "तोंड पश्चिमेला आहे आपलं."

पुढे मोटार वळली. काकूंनी मान जरा तिरपी केली. "आता खांद्यावर आला. डाव्या. दक्षिणेला निघालो आपण?"

"हं."

"आणि वर किती असेल?"

काकांनी सांगितलं नाही. म्हणाले, "तूच सांग." काकूंनी हात उचलला, चाचपल्यासारखा हवेत फिरवला आणि एका जागी बोट धरलं. काकांनी मोटार बाजूला घेऊन थांबवली. काकूंच्या बोटाच्या रेषेत वर पाहिलं. मग त्यांचं मनगट धरून बोट किंचित, दोन बोटं असेल, वर उचललं. "इथं," म्हणाले. काकूंनी हात तसाच ठेवला. मोटार निघाली. मी मागे बसून रुमाल शोधत होते.

स्टेशनाच्या अलीकडे उड्डाणपूल आहे. त्याच्याखाली आलो आणि गाड्या तुंबल्या. काकूंचा हात वरच होता. तो त्यांनी जरा इकडे केला, जरा तिकडे केला. "अहो," त्या म्हणाल्या, "गेला का हो?"

"नाही, नाही. पूल आहे वर. आहे तो."

"मला काहीच लागत नाहीये."

काकूंचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. काकांनीही ऐकला नसावा. त्यांनी दार उघडलं आणि उतरून पुढे गेले. पुढे पुलाच्या सावलीच्या अगदी कडेला एक ई-रिक्षा आडवी थांबली होती. तिच्यापुढे रस्ता मोकळा होता, पण सावली तिथं संपत होती. बाहेर मे महिन्याचं बनारस भाजत होतं, तापलेल्या वाऱ्याची लू वाहत होती आणि सगळं गाव त्या पुलाखाली अंग चोरून उभं होतं. काकांनी रिक्षावाल्यापुढे हात जोडले.

"भैया, ज़रा रास्ता दे दीजिए," ते म्हणाले. "इनको धूप में जाना है."

रिक्षावाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्या मोटारीत वर धरलेल्या त्या हाताकडे पाहिलं, आणि रिक्षा बाजूला घेतली.